छोट्या साइटवर सेफ्टी बसवायची कशी: नवीन ठेकेदार आणि साइट इंजिनिअरसाठी

पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर काम घेतलंय, किंवा नोकरीला लागून जेमतेम काही महिने झालेत आणि साहेबांनी सांगितलं की बिलिंग, क्वालिटी बघतोच आहेस तर सेफ्टी पण तूच बघ, अशा लोकांसाठी हे लिहितोय. मोठ्या कंपन्यांत सेफ्टीचं वेगळं डिपार्टमेंट असतं, त्यांचं त्यांना माहीत. मी बोलतोय वीस ते पन्नास लेबर असलेल्या साइटबद्दल, चार-सात मजल्यांची बिल्डिंग, एखादा शेड, एखादी शाळा. पुण्याच्या आजूबाजूला वाकड, रावेत, चाकण पट्ट्यात मी आधी साइट इंजिनिअर म्हणून आणि आता सेफ्टीचं काम करतो, त्यामुळे उदाहरणं इकडचीच येतील.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. रेट काढतानाच सेफ्टीचे पैसे धरले आणि काम थांबवायचा अधिकार असलेला माणूस रोज सकाळी साइट फिरला, तर माणसं कमी जखमी होतात आणि पैसे पण वाचतात. यातली एक गोष्ट जरी नसली तरी नुसती पिवळी हेल्मेटं वाटून काहीही होत नाही.

१. आधी हिशोब करा, तो पण टेंडर भरायच्या आधी

बहुतेक नवीन ठेकेदार सेफ्टीचा खर्च किरकोळमध्ये टाकतात, मग एल-वन (सगळ्यात कमी भाव भरणारा) व्हायच्या नादात पहिली कात्री तिथेच लागते. त्यामुळे आधी अपघाताचा खर्च किती ते नीट बघा.

कामावर माणूस गेला तर भरपाईचं सूत्र कायद्यात ठरलेलं आहे: महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के गुणिले वयानुसार दिलेला फॅक्टर. हिशोबाला पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, ही मर्यादा २०२० मध्ये ८,००० वरून वाढवली. वय ३० असेल तर फॅक्टर २०७.९८, म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, झाले १५,५९,८५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५० च्या जागी ६० टक्के. एका महिन्यात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण अडवून ठेवले तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. हे सूत्र १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झाले आणि तो कायदा त्यात गेला, पण सूत्र तेच राहिलं.

आता यातला मोठा ट्रॅप. "तो दारू पिला होता", "बेल्ट दिला होता, त्यानेच लावला नाही" हे किरकोळ दुखापतीच्या केसमध्ये कदाचित चालेल, पण माणूस गेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर हा बचाव चालतच नाही. आणि "तो माझा माणूस नाही, सेंट्रिंगवाल्याचा (स्लॅबखालचे साचे आणि टेकू लावणाऱ्या पोटठेकेदाराचा) आहे" हे पण चालत नाही, मुख्य ठेकेदाराला आधी द्यावे लागतात, मग त्याने सेंट्रिंगवाल्याकडून वसूल करत बसावं.

ही झाली दिसणारी रक्कम. न दिसणारी जास्त त्रास देते. समजा स्लॅब चालू आहे आणि फिटरचा हात सळईच्या बंडलखाली सापडला. दवाखान्यात त्याच्यासोबत दोन माणसं गेली, बाकीची गँग काम सोडून उभी राहिली, खाली आर.एम.सी.च्या (प्लांटवरून येणाऱ्या तयार काँक्रीटच्या) गाड्या लागलेल्या, काँक्रीट साधारण दोन तासांत ओतलं नाही तर परत पाठवायचं आणि बिल मात्र तुमच्याच नावावर, अर्ध्यात थांबलेल्या स्लॅबला नको त्या ठिकाणी जॉइंट आला, दुसऱ्या दिवशी गावाकडची निम्मी गँग घाबरून निघून गेली, नवीन गँग लावायला आठवडा गेला आणि तिला उचल वेगळी द्यावी लागली. विमा कंपनी यातलं फक्त दवाखान्याचं बिल आणि भरपाई बघते, बाकी सगळं तुमच्या खिशातून जातं आणि ते कुठल्याच वहीत "अपघात" म्हणून लिहिलेलं नसतं, म्हणून मालकाला वाटतं अपघात स्वस्तात गेला.

आता दुसरी बाजू. समजा ३ कोटींचं काम, ३० लेबर, एक वर्ष. हेल्मेट २०० च्या भावाने ६,०००, बूट ७०० च्या भावाने २१,०००, दहा फुल बॉडी बेल्ट १,८०० च्या भावाने १८,०००, चार आर.सी.सी.बी. (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) ८,०००, कडेचे पाइप, जाळी, डक्टची (पाइप किंवा लिफ्टसाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेची) झाकणं मिळून ८०,००० धरा, आणि एक सेफ्टी सुपरवायझर २५,००० महिना म्हणजे वर्षाचे ३ लाख. एकूण ४,३३,०००. कामाच्या रकमेच्या दीड टक्क्याच्या आत. भाव तुमच्याकडे थोडे वर-खाली होतील, पण पट्टा हाच राहतो.

हे बी.ओ.क्यू. मध्ये (कामाच्या वस्तू, संख्या आणि दरांच्या यादीत) वेगळी लाइन म्हणून लिहा, वस्तू आणि संख्या टाकून. "सेफ्टी एकरकमी" असं लिहिलं की क्लायंट तीच लाइन कापतो. "दर मजल्याला कडेला इतके रनिंग मीटर रेलिंग" असं लिहिलं की कापताना त्याला पण विचार करावा लागतो.

२. थांबवायचा अधिकार कोणाला ते लिहून द्या

सेफ्टी सुपरवायझर ठेवला पण त्याला काम थांबवता येत नसेल तर तो पगार वाया. मालकाच्या सहीचं एक पानी पत्र करा: अमुक माणूस धोका दिसला तर कुठलंही काम थांबवू शकतो आणि परत चालू करायला त्याचीच सही लागेल. हे पत्र सगळ्या मुकादमांना वाचून दाखवा. आणि पहिल्यांदा तो काम थांबवेल तेव्हा मालकाने फोनवर "अरे आजचा दिवस चालू दे" म्हणायचं नाही. ते एकदा म्हटलं की संपलं, त्यानंतर त्या माणसाचं साइटवर कोणी ऐकत नाही.

नवीन कोडमध्ये सेफ्टी ऑफिसर बांधकामावर २५० कामगार असतील तिथे सक्तीचा आहे (आधी ५०० होते). तुमची साइट त्यात बसत नाही म्हणून माणूस नको असा अर्थ काढू नका. छोट्या साइटवर निदान एक अनुभवी मुकादम किंवा डिप्लोमावाला पोरगा अर्धा दिवस फक्त याच कामाला असावा.

३. नवीन माणूस आला की पहिला तास

दुखापती सगळ्यात जास्त नवीन लोकांना होतात, हे कुठल्याही साइटवर विचारा. नाक्यावरून सकाळी आणलेला बिगारी नऊ वाजता थेट चौथ्या मजल्यावर, त्याला डक्ट कुठे आहे माहीत नाही, शौचालय कुठे आहे माहीत नाही.

पहिल्या तासात त्याला साइट फिरवून दाखवा, त्याच्या भाषेत. बिहार, झारखंड, बंगालची गँग असेल तर हिंदीत, उत्तर कर्नाटकची असेल तर त्यांच्यातलाच एक जण सोबत घ्या. उंचीवर चक्कर येते का, फिट येते का, रात्री कुठे काम करून आलाय का हे विचारा आणि असं विचारा की तो खरं सांगेल, म्हणजे "असेल तर खालचं काम देतो, हजेरी तीच" हे आधीच सांगून टाका. हजेरी कापली जाईल असं वाटलं तर कोणीही खरं सांगत नाही. वयाचा पुरावा बघा, अठराच्या खालचं कोणी नको, मुकादमाचा भाचा असला तरी.

४. माणसं जिथे मरतात त्या जागा

*कडा आणि डक्ट.* सगळ्यात जास्त लक्ष इथे. डक्टवर प्लाय टाकला म्हणजे डक्ट झाकलं असं होत नाही. काय होतं ते सांगतो: डक्टवर सुटा प्लाय पडलेला असतो, बिगाऱ्याला सांगितलेलं असतं की वरचा प्लाय गोळा करून खाली आण. तो वाकतो, प्लाय दोन्ही हातांनी उभा धरतो, आता त्याच्या तोंडासमोर प्लाय आहे आणि पायाखालचं काही दिसत नाही, तो एक पाऊल पुढे टाकतो आणि ज्याच्यावर प्लाय होता त्याच डक्टमधून खाली जातो. म्हणून झाकण खिळ्यांनी ठोकलेलं पाहिजे, खाली आडव्या बल्ल्या पाहिजेत, वर लाल रंगाने "खाली खड्डा, गड्ढा है" लिहिलेलं पाहिजे. त्याहून बरं म्हणजे स्लॅब भरताना डक्टमध्ये सळईची जाळी सोडून द्यायची, प्लंबर आला की कापायची. खर्च जवळजवळ नाही. लिफ्टच्या डक्टला प्रत्येक मजल्यावर दारासमोर पक्कं रेलिंग, लाल-पांढरी रिबन नको. रिबन माणसाला अडवत नाही. कडेला मीटरभर उंच पाइप, मध्ये एक आडवा, खाली फळी, म्हणजे वीट-हातोडा खाली पडत नाही.

*सेंट्रिंग.* बालेवाडीत २९ जुलै २०१६ ला वरच्या मजल्याचा स्लॅब भरताना कोसळला आणि ९ मजूर गेले. ओल्या काँक्रीटचं वजन लोक विसरतात. १५० एमएमच्या स्लॅबला चौरस मीटरला साधारण ३७५ किलो फक्त काँक्रीट, वर माणसं, वायब्रेटर, पंपाचा पाइप. भरायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक टेकू बघा: ओळंब्यात आहे का, खाली फळी आहे का की सरळ मातीवर किंवा विटेवर ठेवलाय, पिन म्हणून सळईचा तुकडा घातलाय का, आडव्या बांधलेत का. स्लॅब चालू असताना खाली कोणी नको, फक्त टेकू बघणारा एक सेंट्रिंगवाला आणि त्याला बाहेर पडायची वाट मोकळी. खोलायची घाई पण महाग पडते. आय.एस. ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ आणि त्यावर २१. हे साध्या सिमेंटचे किमान दिवस, थंडीत किंवा फ्लाय अॅशवालं सिमेंट असेल तर आर.सी.सी. कन्सल्टंटला विचारून वाढवा. सेंट्रिंगवाल्याला त्याचं मटेरियल पुढच्या साइटवर न्यायचं असतं, तो घाई करणारच, म्हणून तारीख टेकूवर खडूने लिहून ठेवा.

सळईच्या उभ्या-आडव्या जाळ्याचं पण हेच. येरवड्यात ३ फेब्रुवारी २०२२ ला जाड सळईची जाळी कोसळून ५ मजूर गेले. राफ्टची (सगळ्या पायाखाली असणाऱ्या जाड स्लॅबची) वरची जाळी सळई वाकवून केलेल्या खुर्च्यांवर उभी असते, तिच्यावर सळईचे बंडल रचायचे नाहीत, आणि खुर्च्यांचा साइज आणि अंतर डिझाइनरकडून लिहून घ्यायचं.

*खोदाई.* एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते. छातीपर्यंत दबलेला माणूस श्वास घेऊ शकत नाही. दीड मीटरच्या खाली गेलात की एकतर बाजू उतरती कापा किंवा आधार द्या, "मुरूम पक्का आहे" यावर जाऊ नका, पहिल्या पावसात तोच मुरूम सुटतो. काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब, जे.सी.बी. आणि डंपर त्याहून लांब, आत उतरायला शिडी. आणि शेजारची भिंत. कोंढव्यात २९ जून २०१९ ला पावसात सोसायटीची भिंत बाजूच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली, १५ जण गेले, त्यात लहान मुलं पण होती. लेबर कॅम्प कुठल्याही भिंतीखाली, उताराखाली किंवा खोदाईच्या काठावर बांधू नका. जागा नसेल तर बाहेर खोल्या भाड्याने घ्या, ते भाडं रेटमध्ये धरा.

*वीज.* सॉकेटमध्ये प्लगच्या ऐवजी उघड्या तारा आणि त्या निघू नयेत म्हणून खोचलेली काडेपेटीची काडी, हे दृश्य प्रत्येक साइटवर सापडेल. प्लग पन्नास-शंभर रुपयाला येतो, दोन डझन आणून ठेवा आणि मागेल त्याला द्या. प्रत्येक डी.बी.ला (वीज वाटणाऱ्या बॉक्सला) ३० मिलीअँपिअरची आर.सी.सी.बी. लावा आणि आठवड्यातून एकदा टेस्टचं बटन दाबून बघा. साधा एम.सी.बी. (लोड वाढला की पडणारा स्विच) माणसाला वाचवत नाही, तो वायरला वाचवतो. वायब्रेटर, कटर, पाण्याची मोटर यांच्या वायरी पाण्यातून नको, वर टांगा.

*लिफ्ट आणि विंच.* ठाण्यात बाळकुमला १० सप्टेंबर २०२३ ला बांधकामाची लिफ्ट कोसळून ७ कामगार गेले. मालाच्या लिफ्टमधून माणूस जाणार नाही, यात सूट नाही, इंजिनिअरला पण नाही. वायररोपची तार तुटलेली दिसली की बदलायचा. सक्षम व्यक्तीकडून तपासणीचं सर्टिफिकेट भाड्याने मशीन देणाऱ्याकडून आधी घ्या, नाहीतर मशीन गेटच्या आत घेऊ नका.

५. बेल्ट दिला म्हणजे झालं असं नाही

बेल्टबद्दल एवढंच लक्षात ठेवा की अडकवणार कुठे हे आधी ठरवायचं, बेल्ट नंतर विकत घ्यायचा. पावणेदोन मीटरची दोरी, ती ताणली की उघडणारा शॉक अॅब्सॉर्बर आणि माणसाची उंची धरली तर पायाशी अडकवलेल्या बेल्टला खाली पाच-साडेपाच मीटर मोकळी जागा लागते. पहिल्या स्लॅबच्या कडेला काम करणारा माणूस बेल्ट थांबायच्या आधीच जमिनीवर आलेला असतो. म्हणून हूक डोक्याच्या वर अडकवायचा आणि जमत नसेल तर त्या जागी रेलिंग किंवा जाळी. परांचीच्या आडव्या पाइपला अडकवून उपयोग नाही, पाइपच निघून येतो. कॉलमला लाइफलाइन बांधा, दोन हूकवाला बेल्ट घ्या म्हणजे सरकताना एक हूक कायम लागलेला राहतो. कमरेचा नुसता पट्टा घेऊच नका, पडल्यावर तोच पोटाला आणि मणक्याला इजा करतो. आय.एस. ३५२१ चा मार्क बघून घ्या, हेल्मेटला आय.एस. २९२५, आणि हेल्मेटची हनुवटीची पट्टी लावलेली पाहिजे.

आणखी एक, बेल्टवर लटकलेला माणूस "वाचला" असं समजून निवांत राहू नका. पाय लटकत राहिले की रक्त खाली साचतं, काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. त्याला खाली कसं घ्यायचं, शिडी कुठे आहे, कोण चढणार, हे आधी ठरवून एकदा करून बघा.

६. सकाळची दहा मिनिटं

टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांशी केलेलं बोलणं, ही शपथ वाचणं नाही. आज काय काम आहे, त्यात काय होऊ शकतं, काल काय दिसलं, एवढंच. "आज तिसऱ्या मजल्यावर बाहेरून प्लास्टर आहे, त्याच्या खालून कोणी जाणार नाही, मटेरियल पलीकडच्या जिन्याने" असं ठोस बोला. एखाद्या गवंड्याला विचारा आज तुला कशाची भीती वाटते, तो जे सांगेल ते तुमच्या चेकलिस्टमध्ये बहुतेक नसतं. सह्या घ्या, पण सह्यांसाठी घेऊ नका.

स्लॅब भरायची रात्र लांबली की दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना उंचीवर चढवू नका. मे महिन्यात दुपारचं उन्हातलं काम सकाळी ढकला, पाण्याचा पिंप वरच्या मजल्यावर ठेवा, खाली ठेवला तर कोणी उतरत नाही.

७. थोडक्यात वाचलं ते लिहा

वीट वरून पडली आणि कोणाला लागली नाही, टेकू सरकला आणि धरला गेला, हे लिहायची एक साधी वही गेटवर ठेवा. सांगणाऱ्याला ओरडायचं नाही. मुकादमांना "शून्य अपघात" म्हणून बक्षीस देऊ नका, त्याने अपघात कमी होत नाहीत, लपवले जातात, आणि लपवलेली जखम चिघळून महिन्याने जास्त खर्चाची होऊन येते. हेल्मेट नाही म्हणून शंभर रुपये कापणं पण मला पटत नाही. ज्याच्याकडून कापता तो दुसऱ्या दिवशी तुम्हाला टेकू सरकलेला सांगणार नाही. घालत नसेल तर गेटवरून आत सोडू नका, आणि आधी बघा हेल्मेट त्याच्या डोक्याला बसतंय का.

महिन्याच्या शेवटी ही वही, दवाखान्याची बिलं आणि काम थांबलेले तास एका कागदावर आणा आणि मालकासमोर ठेवा. थांबलेल्या तासाची किंमत तुमच्या गँगच्या हजेरीवरून आणि मशीनच्या भाड्यावरून काढता येते.

८. कागदपत्रं, काम सुरू व्हायच्या आधी

- साइटची आणि ठेकेदाराची नोंदणी, उपकर भरल्याची पावती (बांधकाम खर्चाच्या १ टक्का)
- डब्ल्यू.सी. पॉलिसी (कामगार भरपाईचा विमा), खऱ्या संख्येची. १५ लेबर दाखवून ४० लावले तर क्लेमच्या वेळी अडकता. पोटठेकेदाराची माणसं त्यात धरलीत का ते लेखी घ्या
- हजेरी आणि पगार रजिस्टर, प्रत्येकाचं आधार, घरच्यांचा नंबर, रक्तगट
- पहिल्या तासाच्या माहितीचं आणि सकाळच्या टॉकचं रजिस्टर
- क्रेन, हॉइस्ट, विंचची सर्टिफिकेटं, वायरमनचं लायसन्स
- सेंट्रिंग आणि परांचीचं डिझाइन किंवा निदान सही केलेलं स्केच
- जवळचा दवाखाना ठरवून त्यांच्याशी बोलून ठेवलेलं, गेटवर १०८ आणि साइटचा नीट पत्ता

कामगारांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून द्या. वय १८ ते ६०, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो तुम्हीच देऊ शकता. काहीजण उगाच अडवतात की दाखला दिला तर आपण अडकू. काही अडकत नाही, उलट कामावर माणूस गेला तर मंडळाकडून वारसाला ५ लाखांची मदत मिळते, पोरांना शिष्यवृत्ती मिळते. उपकर तुम्ही भरताच, मग त्याचा फायदा त्या माणसाला मिळू द्या.

९. अपघात झालाच तर

आधी माणूस, मग फोन. उंचावरून पडलेल्याला दोघांनी हातपाय धरून उचलून टेम्पोत टाकू नका, मणक्याला मार असेल तर त्यानेच तो कायमचा जायबंदी होतो, मान न हलवता फळीवर घ्या आणि १०८ बोलवा. शॉक लागला असेल तर आधी मेन बंद, मग हात लावा. मातीत दबला असेल तर जे.सी.बी. त्याच्या अंगावर चालवू नका, जवळ हाताने काढा आणि दुसरी बाजू पडत नाहीये ना बघा, वाचवायला उतरलेलेच दुसरे बळी असतात.

जागा तशीच ठेवा, फोटो घ्या, कोण कोण तिथे होतं लिहा. पोलीस आणि कामगार खात्याला कळवा. ४८ तासांपेक्षा जास्त कामावर येऊ शकत नाही असा अपघात पण कळवावा लागतो, फक्त मृत्यूच नाही. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली लागतो, ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्यात साइट इंजिनिअरचं नाव येतंच, म्हणून कालपर्यंतची रजिस्टर आज भरत बसू नका, खरी असतील तीच कामाला येतात. घरच्यांना तुम्ही स्वतः फोन करा, मुकादमाकडून कळवू नका. पन्नास हजारात "मिटवून टाकू" म्हणणारा एखादा मध्यस्थ हमखास उगवतो, त्याला दारात उभं करू नका. भरपाई कायद्यानेच जमा करावी लागते, घरच्यांच्या हातात दिलेले पैसे मृत्यूच्या केसमध्ये भरपाईत धरत नाहीत.

जखमी माणूस बरा होऊन आला तर पहिले काही दिवस त्याला खालचं काम द्या, हजेरी पूर्ण द्या, आणि त्या दिवशी नेमकं काय झालं ते त्याच्याकडून सावकाश ऐकून घ्या. त्याने सांगितलेली जागा त्याच दिवशी दुरुस्त करा, त्याच्या समोर.